शिसं आणि बूच

माझ्या मामाला धक्क्यावर सगळे शिसं म्हणतात आणि मामीला बूच. तोंडावर म्हणतात, पाठीमागे नाही, आणि त्या दोघांनाही त्याचं काही वाटत नाही. मामा पाणबुड्या. होडीच्या कडेवरून मागच्या मागे उलटला की थेट तळ गाठायचा. मामी त्याच पाण्यात आयुष्यभर राहिली, पण वर. तोंड पाण्यात, पाठ उन्हात आणि डोक्याच्या डाव्या बाजूने वर आलेली पिवळी नळी.

आमच्या घरातलं सगळ्यात जुनं भांडण म्हणजे ही नळी. स्नॉर्केल म्हणतात तिला. एक टोक तोंडात धरायचं, दुसरं पाण्याच्या वर ठेवायचं, म्हणजे मान वर न काढता श्वास घेता येतो. एवढीशी वस्तू! पण पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून खाली जाणाऱ्या माणसाने ती बरोबर घ्यावी की नाही, यावरून आमच्याकडे ताटं आपटली गेली आहेत. खोटं कशाला सांगू, एकदा एक कप फुटलासुद्धा.

मामाचं म्हणणं असं, "पाठीवर अख्खा सिलिंडर असताना तोंडाशी नळी कशाला? मास्क ओढते, दोरीत अडकते, पोरखेळ नुसता. वर आलात की जॅकेटात हवा भरा, उताणे पडा, पाय मारत होडीकडे या. संपलं!"

मामी म्हणायची, "उताणं पडून येता येतं हो. पण लाटा असल्या की नाकातोंडात पाणी जातं, खालचं काही दिसत नाही, आणि होडी लांब असली तर सिलिंडरमधली हवा वरच्या वरच संपते. घेतली बरोबर तर बिघडतं कुठे? नळी काय खायला मागते?"

मामा होडीवर एक निळी बादली ठेवायचा. खाली उतरण्याआधी प्रत्येकाने आपली नळी त्या बादलीत टाकायची, हा त्याचा हुकूम. मामीने किनाऱ्यावर प्रत्येकाच्या मास्कला नळी लावायची आणि मामाने होडीवर ती काढायला लावायची. गिऱ्हाईक बिचारं एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघायचं. आमचा नावाडी मात्र शहाणा. कुणी त्याला विचारलं तर म्हणायचा, "मी नळीच्या बाजूचा नाही, विरोधातला नाही. मी चहाच्या बाजूचा आहे."

आमचं दुकान म्हणजे धक्क्याच्या टोकाची एक लांबट खोली. पुढे ओले रबरी सूट टांगायचे दांडे, मधे गोड्या पाण्याची टाकी, मागे हवा भरायचा कॉम्प्रेसर. तो सुरू केला की शेजारचा न्हावी कात्री थांबवून मला शिव्या घालतो आणि मीही काही गप्प बसत नाही. सिलिंडर मी भरते, लोकांना खाली घेऊन जायचं कामही आता माझंच. शिकवलं मामाने. बडबडायला कुणी शिकवलं ते मात्र विचारू नका.

मामी या घरात आली तेव्हा शिवणकाम करायची. पाण्याचा आणि तिचा संबंध बादलीपुरता. लग्नानंतर मामाच्या सूटचा फाटलेला गुडघा तिने असा काही जोडला की आठवड्याभरात धक्क्यावरचे सगळे फाटके गुडघे तिच्या दारात. मग म्हणे, हे लोक एवढे सूट फाडतात तरी कुठे, बघू तरी. म्हणून नळी लावून पाण्यात तोंड घातलं, ते आजतागायत.

पाण्याला घाबरणारं गिऱ्हाईक आलं की मामीकडे पाठवायचं, हा दुकानाचा शिरस्ता. तिची तऱ्हाच वेगळी. धीर वगैरे काही द्यायची नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभं करून म्हणायची, "तोंड पाण्यात घाला आणि नळीतून गाणं म्हणून दाखवा." गाणं म्हणायचं तर श्वास सोडावा लागतो, आणि श्वास सोडला की अर्धी भीती त्याच्याबरोबरच जाते. गाढवासारखे आवाज निघायचे नळीतून! शेवटी तो माणूस स्वतःलाच हसायचा आणि शिकायचा.

पण ती स्वतः कधी खाली गेली नाही. कारण विचारलं की एकच उत्तर, "वर माणूस हवा." आम्ही खाली असताना ती आमच्या डोक्यावर तरंगत राहायची. कमरेला दोरीने बांधलेला लाल फुगा, म्हणजे नावाड्याला आम्ही कुठे आहोत ते कळावं. आमचं पाणी बहुतेक वेळा गढूळसर. वरून माणूस दिसत नाही, दिसतात ते फक्त वर येणारे बुडबुडे. ते जिकडे जातील तिकडे मामी जायची. मामाला हे काम वाटायचंच नाही. "तू आपली ऊन खात पड," असं म्हणून तो उलटी मारायचा.

आता माझ्यावरच्या अन्यायाची गोष्ट सांगते. आम्ही वर येऊन होडीची शिडी चढतोय न चढतोय तोच मामी मामाला विचारायची, "आज कुणावर चिडलात हो?" किंवा, "आज म्हातारा भेटला वाटतं!" म्हातारा म्हणजे मोठ्या खडकाखाली राहणारा एक मासा. तो फक्त आपल्यालाच ओळखतो आणि जेवणाच्या टेबलाएवढा आहे, असं मामा उभ्या धक्क्याला सांगत फिरायचा. मामीचा प्रश्न ऐकला की तो माझ्याकडे डोळे वटारायचा. "सांगितलंस लगेच?" अहो, माझ्या तोंडातून अजून हवेचा रेग्युलेटर निघालेला नसायचा! पण ऐकतो कोण? त्याने माझं नावच चुगलखोर ठेवलं. आजोबा गेले त्या आठवड्यातही हेच. मामाच्या डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं, आई तर म्हणाली, माझा भाऊ दगड आहे दगड. तिसऱ्याच दिवशी तो एकटा पाण्यात उतरला. वर आला तेव्हा मामीने काही विचारलं नाही. त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि हात तिथेच ठेवून बसली. तरी संध्याकाळी मामा मला म्हणाला, "हिला काय सांगितलंस ग?" मी त्या दिवशी पाण्यात नव्हतेच, पण हे त्याला पटवणार कोण!

मग मामाचा कान गेला. गेला म्हणजे वाचला, पण थोडक्यात. सर्दी असताना खाली जायचं नाही, हे तो प्रत्येक नवख्याला ओरडून सांगायचा, आणि स्वतः नाक चोंदलेलं असताना गेला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, बरेच दिवस औषधं दिली, बरं झाल्यावर समोर बसवून सांगितलं, "पोहा, तरंगा, काही हरकत नाही. पण खाली जायचं नाही. पुन्हा दाब आला तर या कानाने ऐकू येणार नाही."

बाकी सगळं त्याने ऐकून घेतलं. पण "तरंगा" हा शब्द त्याला झोंबला. घरी येईपर्यंत तेच. "तरंगू? मी? मी काय बूच आहे?"

त्या दिवसापासून तो धक्क्यावर आला नाही. पाव आणायला जायचा तोसुद्धा उलट्या बाजूच्या गल्लीने. घरात बसून उद्योग सुरू केले. ठिबकणारा नळ दुरुस्त केला, तो धो धो वाहायला लागला. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, मामीला दोन दिवस मीठ सापडेना. इथवर मी हसत होते. पण एका दुपारी गेले तर त्याची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. त्या खिडकीतून पाणी दिसतं, म्हणून त्याने खुर्चीच फिरवली होती. मामा भिंतीकडे बघत बसला होता आणि मी आले तरी ओरडला नाही. मला फार वाईट वाटलं. हा माणूस असाच बसून राहिला तर आपल्याला परत मिळायचा नाही, अशी भीती मनात बसली ती बसलीच.

मामीला ती माझ्याआधी वाटलेली असणार. दुसऱ्या दिवशी दुकानात सूटला गोंद लावता लावता मान वर न करता म्हणाली, "मला खाली जायला शिकव."

"तुला? आता?"

"का, दारावर वय विचारतात का खाली?"

"मामाला कळलं तर?"

"कळायलाच हवं. गुपचूप शिकून काय उपयोग?"

कळवायला मला कितीसा वेळ! चुगलखोर नाव आहे तर एकदा तरी सार्थक करावं म्हटलं. सकाळी पोहण्याच्या तलावावर आम्ही पोचलो तर मामा आधीच हजर. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून काठावर बसलेला. "ही शिकवणार तुला? हिला अजून नीट श्वास घेता येत नाही! हवा अशी ओढते जशी कुणी हिसकावून नेणार आहे!" मामी पाण्याखाली गेली तरी तो वरून ओरडतच होता. तिला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मला येत होतं, आणि काय सांगू, इतक्या शिव्या खाऊन इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

मामी पटापट शिकली. मास्कमधलं पाणी काढणं, कानातला दाब सोडणं, सगळं. घोडं अडलं ते नळीवरच.

"काढ ती," मामा म्हणाला. "खाली जाताना नळी नाही."

"नळी नाही तर मी नाही," मामी म्हणाली.

न्हाव्यापर्यंत आवाज गेला असेल. शेवटी मीच एक मऊ, गुंडाळता येणारी नळी आणली. खाली जाताना खिशात, वर आल्यावर तोंडात. मामा म्हणाला, खिशात तरी ओझं कशाला? मामी म्हणाली, "आभाळ निरभ्र असलं तरी छत्री नेता ना तुम्ही? तसंच." छत्रीशिवाय मामा पावही आणायला जात नाही.

खऱ्या पाण्यात उतरायचा दिवस आला. मामा म्हणाला, मी फक्त होडीवर बसेन. चला, होडीपर्यंत तरी आला! मोठ्या खडकापाशी नावाड्याने नांगर टाकला. मी तयार, मामी तयार, पाठीवर सिलिंडर, कडेवर बसलेली. आणि बसूनच राहिली.

"काय झालं?" मामा म्हणाला.

"वर कोण?"

"नावाडी आहे की."

"मी होडीवर," नावाडी घाईघाईने म्हणाला. "पाण्यात नाही. मला ओलं व्हायला आवडत नाही."

"मग मी जात नाही," असं म्हणून मामी जॅकेटचा पट्टा सोडायला लागली. "वर माणूस नसताना आजवर तुम्हाला कधी खाली सोडलंय का मी? मग मी कशी जाऊ?"

मामाला कळलं. मलाही तेव्हाच कळलं, इतके दिवस हिच्या डोक्यात काय शिजत होतं ते. निळ्या बादलीच्या काठावर मामीची पिवळी नळी अडकवून ठेवली होती. मामाने तिच्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे.

"मी? नळी लावून? धक्का हसेल मला."

"हसू दे. धक्का इथे कुठे आलाय?"

मी सिलिंडरमधली हवा दाखवणारा, एकदा तपासलेला काटा पुन्हा तपासत बसले. तोंड उघडलं असतं तर सगळं मुसळ केरात गेलं असतं. माझ्यासाठी गप्प बसणं किती अवघड आहे, हे तुमच्या आतापर्यंत लक्षात आलं असेलच.

मामा उठला. मास्क चढवला. नळी लावली, ती उजव्या बाजूला.

"डावीकडे," मामी म्हणाली.

"माहितीये मला!" म्हणाला, आणि डावीकडे केली.

मग तो पाण्यात उतरला. पहिलीच लाट नळीत शिरली आणि याने नेमका तेव्हाच श्वास ओढला. अख्खं आयुष्य तळाशी काढलेला माणूस, आणि वरच्या वीतभर पाण्यात खोकून खोकून लाल झाला! मामीने पाण्यात उडी टाकली, नांगराच्या दोरीला धरून त्याच्या शेजारी आली आणि तिच्यातली मास्तरीण जागी झाली. "आधी फुंका! जोरात! मेणबत्ती विझवल्यासारखं नाही हो, चूल फुंकल्यासारखं! हां. आता सावकाश ओढा. आता गाणं म्हणा."

"गाणं?"

"नळीतून. सगळ्यांना म्हणायला लावते मी. तुम्हाला काय वेगळं?"

मामाने पाण्यात तोंड घातलं. नळीतून जो आवाज आला त्याने नावाड्याचा चहा सांडला. पण आवाज थांबेना. एक कडवं झालं, दुसरं सुरू झालं. मामीने मला अंगठा खाली करून खूण केली आणि आम्ही उतरलो.

पाणी त्या दिवशीही गढूळच होतं. थोडं खाली गेल्यावर वर नुसता हिरवा उजेड. मामा कुठे आहे ते दिसत नव्हतं. मामी मात्र अशी चालली होती जशी स्वतःच्या स्वयंपाकघरात. एकसारखा, लांब श्वास. खडकापाशी आलो, मी तिला खालच्या कपारीकडे बोट दाखवलं. तिथे म्हातारा होता. एवढ्या वर्षांत ज्याच्या कथा ऐकल्या तो, टेबलाएवढा. पाण्याखाली सगळं मोठं दिसतं, तरीही तो कसाबसा पावाच्या लादीएवढा होता, आणि चेहरा हुबेहूब आमच्या न्हाव्याचा.

मामीने माशाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग मामा सांगताना पसरतो तसे दोन्ही हात लांब पसरले, हळूहळू जवळ आणत आणत वीतभर अंतरावर थांबवले, आणि जी हसायला लागली! मास्कमध्ये पाणी शिरलं, ते काढलं, पुन्हा हसली. म्हातारा रागावून आत सरकला.

वर आलो तर वारा सुटला होता. प्रवाहाने आम्हाला बरंच लांब आणलं होतं, होडी लाटांमागे दिसायची आणि नाहीशी व्हायची. पण मामा हात पुढे केला तर लागेल इतक्या जवळ होता, बरोबर आम्ही वर आलो तिथेच, अजून तोंड पाण्यातच. मामीने खिशातली नळी काढली, तोंडात धरली आणि दोघं शेजारी शेजारी होडीकडे निघाली. मी कोणाची शिष्य? शिशाची! माझ्याकडे नळी कुठली? जॅकेट फुगवून उताणी पडले, तर प्रत्येक लाट तोंडावर. दिसतंय फक्त आभाळ. दोनदा भलतीकडेच गेले. "चुगलखोर, इकडे! होडी इकडे आहे!" मामा ओरडला. मी एवढं खारं पाणी प्यायले की त्याला उत्तरही देता आलं नाही.

होडीवर चढलो. मामा फळीवर बसला. चेहऱ्यावर मास्कचा गोल वळ, नळी अजून गळ्यात लटकलेली. मग म्हणाला, "म्हाताऱ्यापाशी हसलीस तू."

मामी केस पुसत होती. "कोण म्हणतं?"

"हसलीस. आधी बुडबुडे कसे लांब लांब, एकसारखे येत होते. खडकाशी पोचलात आणि एकदम बारीक बारीक, लाह्या फुटल्यासारखे. मग थांबले. मग एक मोठा लोट, म्हणजे मास्कमधलं पाणी काढलंस. मग परत बारीक."

"ते हिचे असतील."

"हिचे? हिचे मी झोपेत ओळखीन, घाईघाईचे. ते तुझेच होते." आणि बोलता बोलता तो थांबला. माझ्याकडे वळला. "तू मला काही सांगितलं नाहीस आत्ता."

"नाही."

"आणि हिलाही कधी..."

"कधीच नाही!" मी ओरडले. "एवढी वर्षं घसा फोडून सांगतेय!"

मामाने मामीकडे पाहिलं. "म्हणजे मी कुणावर चिडलो की तुला..."

"मग काय ऊन खात होते मी?"

"आणि वडील गेले तेव्हा? मी एकटाच खाली..."

"खाली जाऊन रडलात," मामी हळूच म्हणाली. "हो. मी वर होते."

नावाड्याने होडीचं इंजिन सुरू करायला घेतलेला हात मागे घेतला. मामाने मास्क काढून मांडीवर ठेवला आणि त्याची काच अंगठ्याने पुसत राहिला.

"मग कधी बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही खालीसुद्धा जपून श्वास घेतला असतात," मामी म्हणाली. "मग मला काय कळलं असतं?"

माझे डोळे भरून आले. खाऱ्या पाण्याने आले असं मी नावाड्याला सांगितलं, त्याने मान डोलावली आणि सगळ्यांना चहा ओतला. मामाने दोन घोट घेतले, खाकरला आणि म्हणाला, "आज तो आत सरकून बसला होता. म्हातारा. अर्धाच दिसला असेल तुम्हाला."

"हो हो," मामी म्हणाली. "टेबलाएवढा आहे. मी पाहिला ना."

मग आम्ही तिघंही असे हसलो की होडी डुगडुगली. नावाड्याने निळी बादली मामासमोर धरली, रोजच्या सवयीने. मामाने बादलीकडे पाहिलं, गळ्यातली नळी चाचपली आणि तिथेच राहू दिली.

"उद्या किती वाजता निघायचं?" त्याने विचारलं.